भट्टीतला पहिला पाव

प्रिय पोरी,

लहानपणच्या बेकरीवरचा तुझा लेख पोचला. दोनदा वाचला. पहिल्यांदा रात्री, एका दमात. दुसऱ्यांदा सकाळी, हातात पेन्सिल घेऊन. रात्री वाचताना डोळे भरून आले, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना मला लेख आवडला नाही असं तुला वाटायला नको. शाळेच्या वाटेवर वळण येण्याआधीच येणारा वास, कागदात गुंडाळलेला गरम पाव छातीशी धरून चालणं, आणि शेवटी बंद दारासमोर उभी राहिलेली, मोठी झालेली तू. यातलं काहीच खोटं नाही, आणि ते तू मनापासून लिहिलं आहेस.

सकाळी मात्र एक गोष्ट खटकली. सात पानांत बेकरीवाले काका तीनदा येतात. तिन्ही वेळा हसतात. एकदा तुझ्या डोक्यावरून हात फिरवतात. पण ते पीठ मळत नाहीत, भट्टी पेटवत नाहीत, घाम पुसत नाहीत, दमत नाहीत. तुझ्या लेखात पाव आपोआप होतो. ज्याच्या जिवावर ती बेकरी उभी होती, तो माणूस तुझ्याकडे फक्त पाव हातात द्यायला येतो.

यात तुझी चूक नाही. लहानपणी आपण फळीच्या अलीकडे उभे असतो आणि आपलं नाक जेमतेम फळीपर्यंत पोचतं. पलीकडचं काही दिसत नाही, वास तेवढा येतो. म्हणून बेकरीच्या आठवणी लिहायला बसलेला प्रत्येक जण वासापासूनच सुरुवात करतो. तसं होण्याला कारणही आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर जातं आणि तिथून पुढे. वासाला हे ठाणं आधी लागत नाही. भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी त्याचा रस्ता फार जवळचा आहे. २००६ साली स्टॉकहोमच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी वयस्क माणसांच्या जुन्या आठवणी जाग्या केल्या, कधी शब्द देऊन, कधी चित्र दाखवून, कधी वास देऊन. शब्दांनी आणि चित्रांनी जाग्या झालेल्या आठवणी बहुतेक अकरा ते वीस या वयातल्या निघाल्या. वासानं जाग्या झालेल्या मात्र पहिल्या दहा वर्षांतल्या. तेव्हा तुझी सुरुवात चुकलेली नाही. दार बरोबर उघडलंस.

पण दारातच थांबलीस. ताज्या पावाच्या कवचाला जो वास असतो, त्यातला मोठा वाटा २-ॲसिटाइल-१-पायरोलिन नावाच्या एका संयुगाचा. पीठ तापलं की त्यातली साखर आणि प्रथिनांचे तुकडे यांच्यात रासायनिक घडामोडी सुरू होतात. लुई कामिय मायार या फ्रेंच संशोधकानं १९१२ साली त्या पहिल्यांदा मांडल्या, म्हणून त्यांना त्याचंच नाव आहे. कवचाचा तांबूस रंग आणि तो वास, दोन्ही त्यातूनच येतात. आता बघ, हे रसायन कुठल्याही गावात बदलत नाही. माझ्या बेकरीचा वास आणि तुझ्या बेकरीचा वास बराचसा एकच. तू ‘खमंग वास’ लिहिलंस की प्रत्येक वाचक आपापल्या बेकरीत जाऊन उभा राहतो, तुझ्या बेकरीत येत नाही. त्याला तुझ्याकडे आणायचं असेल तर त्या वासाला बिलगून आणखी काय आलं ते आठव. ओल्या पोत्याचा वास होता का? धूर होता का, आणि कसल्या लाकडाचा? कुणाच्या तरी कपड्यांना तो आंबूस वास कायमचा चिकटलेला होता का? तिथून पुढे बेकरी फक्त तुझी होते.

आता माझी गोष्ट सांगते. ती मी फार वर्षं चुकीची सांगत आले होते, म्हणूनच तुला सांगायची.

मी सहा-सात वर्षांची असेन. पहाटे घरात सगळे झोपलेले असायचे आणि मला जाग यायची. मी उठून अनवाणी बेकरीच्या मागच्या दाराशी जायचे. पुढचं दार अजून उघडलेलं नसायचं. मागच्या दाराला उंबऱ्याऐवजी एक सपाट दगड होता. खालून भट्टीची ऊब लागून तो दगड कोमट असायचा, त्यावर मी बसायचे. आत भट्टीवाले काका आणि त्यांच्या हाताखालचे दोघं. मधे कंदिलाचा उजेड. कुणी माझ्याकडे बघायचं नाही, कुणी हाकलायचंही नाही.

रात्रभर भट्टीच्या पोटात लाकडं जळलेली असायची. काका लांब दांड्याच्या लोखंडी खोऱ्यानं निखारे ओढून बाहेर काढायचे. मग बांबूच्या टोकाला बांधलेलं ओलं पोतेरं आत फिरवायचे. चर्र असा आवाज व्हायचा आणि भट्टीच्या तोंडातून वाफेचा लोट बाहेर यायचा. मग झाकण लावून थोडा वेळ सगळे गप्प बसायचे. उष्णता विटांमध्ये सारखी मुरावी म्हणून ते थांबणं असतं, हे मला तेव्हा कुठलं कळायला? मला वाटायचं, सगळे जण काहीतरी ऐकत आहेत. मग काका झाकण काढून चिमूटभर पीठ भट्टीच्या फरशीवर फेकायचे आणि ओठांतल्या ओठांत मोजायचे. पीठ लगेच काळं पडलं तर झाकण पुन्हा लागायचं. हळूहळू तांबूस होत गेलं की ते मान हलवायचे. आणि मग, बाकीचे पाव आत जाण्याआधी, मुठीएवढा एकच लहान पाव लांब फळीवरून आत सरकायचा.

तो पाव माझा.

थोड्या वेळानं तो बाहेर यायचा. काका तो एका तळव्यावरून दुसऱ्या तळव्यावर झेलत माझ्याकडे यायचे. त्याचं बूड काळं झालेलं असायचं. उजव्या अंगठ्याच्या नखानं ते काळं पापुद्र्यासारखं सोलून काढायचे. ते नख जाड, पिवळट आणि मधोमध चिरलेलं होतं. मग पाव माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकायचे आणि एक शब्द न बोलता परत फिरायचे. आतून तो जरा चिकट, ओलसर असायचा. जगात त्याहून चांगलं काही मी खाल्लेलं नव्हतं.

मोठी झाल्यावर मी हे लिहिलं. मी लिहिलं की भट्टीवाले काका रोज पहाटे माझ्यासाठी एक वेगळा, लहान पाव करायचे. लोकांना ते आवडलं, मलाही आवडत होतं. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या मुलीची गाठ पडली. तीही आता म्हातारी. मी मोठ्या उत्साहानं तिला तो मजकूर वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “तो चाचणीचा पाव गं. भट्टी बरोबर तापलीय का हे बघायला आधी एक टाकायचे. विकण्याजोगा नसायचाच तो.”

मी हिरमुसले. खरंच हिरमुसले, इतक्या वर्षांनी कुणीतरी हातातला पाव काढून घेतल्यासारखं झालं. तिच्या ते लक्षात आलं असावं. जरा थांबून ती म्हणाली, “पण बाबांची न्याहारी तीच असायची. रात्रभर उभं राहिल्यावर पहिला घास तो. तू यायला लागलीस तेव्हापासून ते घरी येऊन खायला लागले.”

पोरी, मी घरी आले आणि जुना मजकूर काढला. ‘माझ्यासाठी वेगळा पाव करायचे’ हे वाक्य खोटं होतं आणि मी ते पूर्ण विश्वासानं लिहिलं होतं. खरं जे होतं ते मला सुचणं शक्यच नव्हतं, कारण ते फळीच्या पलीकडे घडत होतं. तिथे एका माणसाची भूक होती आणि ती मी रोज खात होते. हे मला कल्पनेनं कधीच लिहिता आलं नसतं. कुणालातरी विचारावं लागलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: हा लेख घे आणि ज्यांना ती बेकरी ठाऊक होती अशा तिघा-चौघांना वाचून दाखव. नुसतं ‘तुम्हाला काय आठवतं’ असं विचारू नकोस. त्यावर सगळे वासच सांगतात. आपलं लिहिलेलं वाचून दाखवलं की लोक दुरुस्त्या करतात, आणि दुरुस्त्यांमधून बेकरी उभी राहते. ‘छे, दार त्या बाजूला नव्हतं.’ ‘पीठ तो नाही, त्याचा भाऊ मळायचा.’ असं कुणी म्हणालं की मान खाली घालून लिहून घे. हुज्जत घालू नकोस. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही लिही.

आठवण म्हणजे पेटीत जपून ठेवलेली वस्तू नव्हे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी लोकांना एक अनोळखी गोष्ट वाचायला देऊन ती पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावली होती. दर वेळी गोष्ट थोडी बदलायची आणि सांगणाऱ्याच्या ओळखीच्या जगासारखी होत जायची. १९३२ साली त्यांनी हे मांडलं: आठवताना आपण ती गोष्ट नव्यानं रचतो. शिवाय तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना मोठेपणी काही आठवतच नाही. तुझ्या दुसऱ्या पानावर तू आजोबांचं बोट धरून पहिल्यांदा बेकरीत गेलीस. तेव्हा तू किती वर्षांची होतीस? दोन वर्षांची असशील तर ती आठवण बहुधा घरच्यांनी सांगून सांगून तुझी झालेली आहे. काढून टाक असं म्हणत नाही. ‘घरचे सांगतात’ एवढे दोन शब्द जोड. त्यानं काही उणं होत नाही; उलट पुढच्या ज्या आठवणी खरंच तुझ्या आहेत त्यांच्यावर वाचकाचा विश्वास बसतो.

आता कामाकडे येते. माझा खरा आग्रह इथे आहे.

रोममध्ये पोर्ता माज्जोरे या जुन्या वेशीपाशी एका बेकरीवाल्याची समाधी आहे. मार्कस व्हर्जिलियस युरिसेसीस त्याचं नाव. समाधी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. वरच्या बाजूनं कोरीव पट्टी फिरते. तिच्यावर देव नाहीत, लढाया नाहीत. जनावराच्या जोरावर फिरणारं जातं आहे, पीठ चाळणारी माणसं आहेत, कणीक मळणं आहे, मोठ्या मेजाभोवती उभे राहून गोळे वळणारे लोक आहेत, लांब फळीनं भट्टीत पाव सारणारा एक जण आहे, आणि शेवटी तराजू. स्वतःच्या मागे काय उरावं असं त्याला, किंवा त्याच्या माणसांना, वाटलं असेल ते त्यांनी दगडात लिहून ठेवलं: आम्ही हे काम असं करायचो. मी तिचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटलं नाही. तुझ्या काकांची अशी पट्टी तुझ्याशिवाय कोण कोरणार?

त्यासाठी ते काम तुला आधी कळायला हवं. जवळपास चालू असलेली कुठलीही छोटी बेकरी शोध आणि तिथल्या लोकांची परवानगी घेऊन एक पूर्ण रात्र तिथे काढ. दिवसा जाऊ नकोस. दिवसा दुकान दिसतं. रात्री जा. वहीत सुंदर वाक्यं लिहू नकोस, फक्त हात काय करतात ते लिही. मळलेल्या गोळ्यावर बोट दाबून बघतात. खळगा टचकन भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, थोडासाच भरला तर भट्टीची वेळ झाली. तसाच राहिला तर उशीर झाला. भाजलेला पाव उलटा धरून बुडावर टिचकी मारतात. पोकळ आवाज आला तर आतपर्यंत भाजलाय, बद्द आला तर पुन्हा आत. गारठा असेल तर पीठ सावकाश फुगतं आणि सगळी रात्र लांबते. तिथली माणसं घड्याळाकडे कमी बघतात आणि पिठाकडे जास्त. हे सगळं आळीपाळीनं त्यांना विचार. विचारलं की सांगतात. सहसा कुणी विचारलेलंच नसतं.

आणि भट्टीतून पाव बाहेर आल्यावर घाई करून निघू नकोस. कान जवळ ने. गार होताना कवच आक्रसतं आणि तडतडतं, फार बारीक आवाजात. शेकडो पाव एकदम तडतडतात तेव्हा दूरवर पाऊस सुरू झाल्यासारखं वाटतं. तुला लहानपणी तो ऐकू आला असणार. तुझ्या लेखात एकही आवाज नाही, म्हणून म्हणते.

आमच्या भट्टीवाल्या काकांच्या आवाजांपैकी माझ्या मनात एक कायमचा राहिला आहे: त्यांचा खोकला. पुढचं दार उघडायच्या आधी ते खोकायचे, कोरडा, लांबलेला खोकला, आणि आम्हा पोरांना ती खूण होती. खोकला ऐकू आला की बेकरी उघडली. आम्ही त्या खोकल्याला आनंदानं धावायचो. पुष्कळ पुढे मला कळलं की पिठाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन बेकरीत काम करणाऱ्यांना दमा होतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० साली वेगवेगळ्या धंद्यांतल्या आजारांवर लिहिलं, त्यात बेकरीवाल्यांचं रात्रीचं जागरण आणि पिठाच्या धुळीनं होणारा त्रास दोन्ही नोंदवलं आहे. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी हे माहीत होतं. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं तर १९२५ साली बेकऱ्यांतल्या रात्रपाळीविरुद्ध एक वेगळा करारच केला. रात्री सलग किमान सात तास पाव करायचा नाही, आणि हे मालकालाही लागू, असं त्यात होतं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी बसून बेकरीवाल्याच्या झोपेचा विचार केला, हे वाचून मला फार बरं वाटलं आणि मागोमाग वाईटही वाटलं. आमच्या काकांना रात्रीची झोप कधी मिळालीच नाही.

तो खोकला मी माझ्या लेखात घातला नव्हता. सुखाच्या आठवणीत तो बसत नव्हता. आता वाटतं, तो नसेल तर ती आठवण अर्धीच आहे. तुझ्या बेकरीतही असं काहीतरी असेल, जे तू बाजूला ठेवलं आहेस. ते दुःखाचंच असायला हवं असं नाही, नुसतं नीटनेटक्या चित्रात न बसणारं. कुणी कुणावर खेकसणं, उधारीची वही, एखाद्या दिवशी पाव कच्चे निघाल्यावरची ती शांतता. तुला काय ते ठाऊक. लिहून बघ.

एक छोटी गोष्ट शिळ्या पावाची. तू लिहिलं आहेस की काल उरलेला पाव घरी पुन्हा गरम केला की ‘तसाच’ लागायचा, आणि पुढे हे बालपणीचं मन असं म्हणून सोडून दिलंस. सोडू नकोस, त्यात तथ्य आहे. १८५२ साली झाँ-बाप्तिस्त बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवलं की पाव हवाबंद ठेवला, त्यातलं पाणी अजिबात जाऊ दिलं नाही, तरी तो शिळा होतो. आणि साठेक अंशांपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. पिठातला स्टार्च गार होताना आतल्या आत पुन्हा घट्ट रचला जातो, तापवला की ती रचना सैल होते. थंड कपाटात ठेवला तर हे आणखी लवकर घडतं. म्हणजे तुझ्या जिभेनं बरोबर ओळखलं होतं. लहान मुलाचं निरीक्षण अनेकदा खरं असतं. चुकतं ते मोठेपणी आपण त्याला दिलेलं कारण.

शेवटच्या दोन पानांबद्दल. तिथे तू हळहळ लिहिली आहेस: बेकरी बंद झाली, ते दिवस गेले, आता सगळं यंत्रावर. वाईट वाटणं अगदी खरं. पण ती दोन पानं कुणीही लिहू शकलं असतं, आणि पहिली पाच तुझ्याशिवाय कुणी नाही. शिवाय बेकरी बंद झाली याचा अर्थ काकांना अखेर रात्री झोप मिळाली, असाही असू शकतो. त्यांच्या घरच्यांना विचार की बंद केली तेव्हा त्यांना कसं वाटलं. दु:खच झालं असेल असं धरून चालू नकोस.

उरतं काय, याची मला एक मोठी गंमत वाटते. जॉर्डनच्या ईशान्येकडच्या वाळवंटात शुबायका नावाच्या ठिकाणी जुन्या चुलींच्या राखेत पावाचे जळके कण सापडले, सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. तेव्हा माणूस शेतीसुद्धा करत नव्हता. रानातलं धान्य आणि कंद गोळा करून, कुटून कुणीतरी भाकर भाजली आणि तिचा करपलेला चुरा राखेत पडला. इटलीतल्या पॉम्पेई शहराजवळचा ज्वालामुखी फुटला त्या इसवी सन ७९ मध्ये तिथल्या एका भट्टीत घातलेले ८१ पाव तसेच कोळसा होऊन राहिले. चांगले भाजलेले पाव लोकांनी खाल्ले आणि ते संपले. करपलेलंच तेवढं टिकलं.

त्याच ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये एक गोल पाव सापडला. त्यावर शिक्का आहे: ‘सेलेरचा, क्विंटस ग्रॅनियस व्हेरसच्या गुलामाचा’. अनेकांचे पाव भाजले जात तिथे आपला ओळखू यावा म्हणून असे शिक्के मारत. त्या शहरातल्या किती बड्या लोकांची नावं पुसली गेली असतील. सेलेर गुलाम होता, आणि त्याचं नाव एका पावावर राहिलं.

हे सांगण्याचं कारण तुझं चौथं पान. तिथे एका ओळीत एक मुलगा येऊन जातो. मागच्या दाराशी लाकडं उतरवतो. ‘त्याचा उजवा हात कोपरापर्यंत डागांनी भरलेला होता,’ असं तू लिहिलं आहेस, आणि पुढच्याच वाक्यात बिस्किटांच्या बरणीकडे गेलीस. सात पानांत मला सगळ्यात जास्त दिसलेला माणूस तो आहे. ते डाग भट्टीच्या तोंडाचे. लांब फळी आत घालताना हात कडेला लागतो, रोज लागतो. म्हणजे तो नुसती लाकडं उतरवत नव्हता. पाव भट्टीत सारायचं कामही त्याच्याकडे होतं. कदाचित तू छातीशी धरून नेलेले पाव त्याच्याच हातचे असतील. तो तुझ्याहून किती मोठा होता? शाळेत जायचा का? त्याला सगळे काय हाक मारायचे?

नाव आठवत नसेल तर काकांच्या घरच्यांना विचार, त्यांना माहीत असेल. तो भेटला तर आधी त्याला चौथं पान वाचून दाखव, आणि पहिला पाव कोण खायचं ते विचारून मला कळव.

तुझी,
मावशी

ता. क. पानं परत पाठवते आहे. पेन्सिलीच्या खुणा बारीक आहेत, खोडल्या तरी चालतील. पहिल्या पानावर मात्र मी एकही खूण केलेली नाही. ते पान आहे तसंच ठेव.